शेवटच्या पानावरचे दोन प्रश्न

अर्ज चार पानांचा आहे. पहिल्या पानावर नाव, वय, घर क्रमांक. दुसऱ्यावर तंबाखू, दारू, कमरेचा घेर आणि आईवडिलांपैकी कोणाला साखरेचा आजार होता काय, याची विचारणा. तिसऱ्यावर खोकला, गाठी, न भरणाऱ्या जखमा. शेवटच्या पानावर मात्र दोनच प्रश्न उरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा कशातच रस वाटला नाही, असे किती वेळा झाले? गेल्या दोन आठवड्यांत उदास किंवा निराश वाटले, असे किती वेळा झाले? उत्तर आकड्यात लिहायचे. कधीच नाही, तर शून्य. जवळजवळ रोज, तर तीन. दोन्ही उत्तरांची बेरीज तीनच्या वर गेली, तर त्या माणसाला दवाखान्यात पाठवायचे. तो एकटा जाणारा नसेल, तर आशाताईने सोबत जायचे.

प्रेमिला धम्मानंद सुखदेवे अकरा वर्षांपासून आशाताई आहे. मनीषनगरच्या मागे नव्या इमारतींची रांग जिथे संपते आणि रेल्वेच्या रुळांकडे उतरणारी जुनी वस्ती जिथे सुरू होते, तिथली दोनशे चौदा घरे तिच्या वाट्याची. कोणत्या घरात कोणाचे पोट कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या बाळाची दुसरी लस राहिली आहे, कोणता म्हातारा रक्तदाबाची गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकतो, हे तिला वही न उघडता सांगता येत असे. ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. वस्तीतल्या बाया तिच्याविषयी चांगले बोलतात. हे सगळे आधी नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले ते कामचुकार बाईच्या हातून घडले, असा समज होऊ नये.

शेवटचे पान ती सुरुवातीला खरेच विचारत असे. पहिल्याच वर्षी एका बाईने उत्तर दिले. उंबऱ्यात बसून ती बाई दीड तास रडली आणि प्रेमिलाच्या त्या दिवसाच्या यादीतली सहा बाळे लसीविना राहिली. संध्याकाळी तिला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. त्यानंतर तिने प्रश्नाची ठेवण बदलली. बाकीची तीन पाने भरून झाली, की उठता उठता, चपलेत पाय सरकवत ती हसून म्हणे, "काही टेन्शन-बिन्शन नाही ना, काकू?" या प्रश्नाला माणसे ‘नाही’ म्हणतात. म्हणायच्या आत तिच्या पेनाने शून्य काढलेले असे. पुढे पुढे तेवढे विचारणेही गळून पडले. गुरुवारच्या बैठकीआधी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात आठदहा जणी मांडीवर गठ्ठे घेऊन बसत आणि शेवटची पाने एका बैठकीत उरकत. त्याला त्या आपसात ‘झिरो मारणे’ म्हणत. "थांब वं, माये झिरो मारायचे राहिले," असे कोणी म्हटले की दुसरी चहा धरून ठेवी. यात कोणाला लबाडी वाटत नव्हती. ज्या दुखण्यासाठी पिशवीत गोळी नाही, पट्टी नाही, ते दुखणे कागदावर आणून करायचे काय, असा तो साधा हिशेब होता.

अर्ज आशाताईच्या स्वतःच्या घराचाही भरायचा असतो. घर क्रमांक एकशे बारा. धम्मानंद, शून्य, शून्य. प्रेमिला, शून्य, शून्य. सासरे धोंडबा यांच्यापुढे ती फक्त ‘विसरभोळेपणा’ असे लिही.

धोंडबांना ब्याऐंशी वर्षे झाली आहेत. छप्पनच्या ऑक्टोबरात, धम्मदीक्षेच्या दिवशी, ते तेरा वर्षांचे होते आणि वडिलांचे बोट धरून, पांढरा सदरा घालून, लाखोंच्या गर्दीत उभे होते. त्यांच्या स्मरणातले बाकीचे सगळे गेल्या चार वर्षांत पुसले गेले. बायकोचे नाव गेले, मुलाचा चेहरा गेला, संडासाची वाट गेली. तो एक दिवस तेवढा राहिला, आणि तो रोज सकाळी नव्याने उगवतो. उजाडले की ते दाराची कडी वाजवू लागतात.

"पांढरा सदरा दे वं. उशीर होऊन राहिला."

"बाबा, ते झालं कधीच. सत्तर वर्सं होत आले."

"काहून खोटं बोलतं? लोकं चालले, पाह्य ना."

सदरा दिला तर ते रस्त्यावर जातात. नाही दिला तर भिंतीवर डोके आपटतात. धम्मानंद मौद्याजवळच्या वीज प्रकल्पात कंत्राटी कामगार आहे, तिथेच खोली करून राहतो आणि रविवारी येतो. मुलगी रोशनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी सातला निघते ती संध्याकाळी उगवते. प्रेमिला वस्तीत फिरायला जाताना सासऱ्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावते. हे तिने केंद्रात कोणाला सांगितलेले नाही. दुसऱ्या घरात असे कुलूप दिसले असते, तर तिनेच त्याची तक्रार केली असती.

मनाचे मोडणे मोठ्या आवाजाने होत नाही. प्रेमिलाच्या बाबतीत ते आधी विहारात दिसले. रविवारच्या वंदनेत तिचा आवाज पुढे असे. तो दिवाळीनंतर ऐकू येईनासा झाला, आणि मग तीही दिसेनाशी झाली. न्हाणीत बादली भरून वाहू लागे आणि ती समोर बसूनच राही. भाजीत मीठ दोनदा पडे किंवा पडतच नसे. पहाटे साडेतीनला जाग येई आणि मग उजाडेपर्यंत ती त्या कडीच्या आवाजाची वाट पाहत पडून राही. रोशनीने एकदा विचारले, "मम्मी, तुले काही होऊन राहिलं काय?" त्यावर ती म्हणाली, "मले कायचं होते?" तिच्या व्यवसायातला हा सर्वांत जुना समज आहे: दुखणे दारापलीकडच्या माणसाला होते, दारात वही घेऊन उभ्या असलेल्याला ते होत नाही.

डिसेंबरात एक प्रशिक्षण झाले. विषय होता मनाची निगा. बाहेरून आलेल्या तरुण बाईने पडद्यावर चित्रे दाखवली, सगळ्यांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावले आणि सांगितले की, रोज वीस मिनिटे फक्त स्वतःसाठी काढा.

शेजारच्या भागाची आशाताई भावना हात वर करून म्हणाली, "काढतो ना मॅडम. पर लिवाचे कोठं? रजिस्टरात रकाना नाही त्याचा."

सभागृह हसले. प्रशिक्षक बाईही हसली. प्रेमिलाचे डोळे मात्र मिटलेलेच होते. ती बसल्या जागी झोपली होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घर क्रमांक एकशे सदतीसमधल्या जनाबाई हेडाऊ वारल्या. हे कुटुंब मूळचे उमरेडचे, विणकरांचे. जनाबाईंचे पती ताराचंद यांनी तरुणपणी हातमागावर करवतकाठी धोतरे विणली. जनाबाई शेजारी बसून चरख्यावर कांड्या भरत, म्हणजे धोट्यात घालायच्या बारीक नळ्यांवर सूत गुंडाळत. माग विकल्यावर मुलगा वैभव याच्याबरोबर दोघे या वस्तीत आले. जनाबाईंच्या मृत्यूची नोंद प्रेमिलानेच केंद्रात दिली. तेरवीला ती गेली, पंगतीत तिने बुंदी वाढली आणि ताराचंदांसमोर घटकाभर बसून आली. त्यानंतर पाचव्या दिवशी व्हरांड्यात गठ्ठा मांडीवर घेऊन तिने एकशे सदतीसचे अर्ज भरले. जनाबाई हेडाऊ, वय सहासष्ट. रस वाटेनासा होणे, शून्य. उदास वाटणे, शून्य.

चूक गटप्रवर्तक रीना यांनी पकडली. वीस आशाताईंचे कागद त्या तपासतात. बैठकीत त्यांनी तो अर्ज वर धरला.

"प्रेमिला, मृत्यूची नोंद तूच आणून दिली होती ना?"

"हो, मॅडम."

"मग तेरवी होऊन पाच दिवसांनी ही बाई इतकी खूश कशी?"

भावना मागून म्हणाली, "मेल्यावर कायचं टेन्शन, मॅडम? बरोबरच लिवलं तिनं."

हशा पिकला. प्रेमिलाही हसली. सगळ्या थांबल्यावरही ती हसतच राहिली, आणि मग एकेक जण तिच्याकडे वळून पाहू लागली. रीनांनी टेबलावर पेन आपटले तेव्हा कुठे ते थांबले.

"हा अर्ज रद्द," रीना म्हणाल्या. "नवऱ्याचा पण तूच भरला ना? त्याचं काय?"

"शून्य, शून्य."

"ते राहू दे. तो जिवंत आहे. फक्त सही आण त्याची, नाही तर वरून विचारतील."

बायकोची तेरवी होऊन पाच दिवस झालेल्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या नावापुढचे शून्य त्या खोलीत कोणालाही खटकले नाही. प्रेमिलाला ते खटकले, पण तेही घरी पोचल्यावर. तिला अधिक भय वाटत होते ते दुसऱ्या गोष्टीचे. ज्या बाईच्या तेरवीला आपण बुंदी वाढली ती गेली आहे, हे पाच दिवसांत आपल्या डोक्यातून निघून गेले. उद्या बाळाच्या लसीची तारीख निघून गेली तर? एखाद्या बाळंतिणीचा ताप निघून गेला तर? या दोनशे चौदा घरांना आपल्यापासून धोका आहे, असे तिच्या मनाने घेतले. ते चूक नव्हते. आणि हे कबूल केले तर काम जाईल, हेही चूक नव्हते.

सही आणायला ती गेली तेव्हा ताराचंद दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी अर्ज हातात घेतला आणि सही करण्याआधी तो उलटून पाहिला. विणकराची सवय ती. कापडाची उलटी बाजू पाहिल्याशिवाय तो बोलत नाही. शेवटच्या पानावर ते थांबले.

"हे कोनं लिवलं?"

"मी, काका."

"मले त कोनी इचारलंच नाही."

"चुकलं. जनाबाईंचंही चुकलं."

"वैभवनं सांगतलं. वस्तीत हसून राहिले म्हने लोकं." त्यांनी अर्ज तिच्याकडे परत केला. "जनाचं जाऊ दे. तिचं आता झिरोच हाये. मी जिता हावो ना? मले इचार."

प्रेमिला उभी होती. एक पाय अजून पायरीखाली होता. तिने तो वर घेतला, चप्पल काढली आणि जमिनीवर बसली. प्रश्न तिला पाठ होता, तरी तिने तो छापील शब्दांत, वाचून विचारला.

"रस?" ताराचंद म्हणाले. "सकाळी डोये उघडले का चरख्याचा आवाज येते. जना कांड्या भरून राहिली असं वाटते. मंग मी उठून पाह्यतो. चरखा नाही, माग नाही, जना नाही. बावीस वर्सं झाले माग इकून, तवा कधी आवाज नाही आला. आता काहून येते?"

"रोज येतो?"

"रोज."

तिने तीन लिहिले. दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी विचारले, "उदास म्हंजे कसं?"

"मन बसून जाणं, काका."

"मन त बसलंच हाये. उठतच नाही ते."

तिने पुन्हा तीन लिहिले. या सगळ्याला पाऊण तास लागला. मधे त्यांनी दोनदा डोळे पुसले आणि एकदा, जनाबाई चहात साखर टाकायला कशी विसरत आणि त्यावरून आपण कसे ओरडत असू, हे सांगताना हसले. त्या पाऊण तासाला प्रेमिला इतकी वर्षे घाबरत होती. त्यात तिला करावे लागले ते एवढेच, की उठून जायचे नाही.

मग ताराचंदांनी चष्मा लावला आणि तिच्या मांडीवरची, अर्ज लावलेली पाटी ओढून घेतली. "आता तुयं सांग."

"आमचं घर झालं, काका."

"झालं म्हंजे झिरो?"

तिने पाटी परत घेतली आणि ती निघाली.

बेरीज सहा आल्यामुळे त्यांना दवाखान्यात नेणे तिला भाग होते. दर दुसऱ्या गुरुवारी, बैठक चुकवून, ई-रिक्षाने. खिडकीवर ती त्यांचे नाव सांगे. ‘सोबत कोण’ या रकान्यासाठी स्वतःचे. बाकावर दोघे नंबर येईपर्यंत बसत. आतून ताराचंद गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर येत आणि प्रत्येक वेळी विचारत, "तू नाही दाखवलं?" ती म्हणे, बाबा घरी एकटे आहेत.

दुसऱ्या खेपेनंतर ते म्हणाले, "एकटे हायेत त मी बसतो त्याह्यच्याजवळ."

ते संध्याकाळी येऊ लागले. पहिल्या दिवशी धोंडबांनी त्यांना विचारले, "पांढरा सदरा आनला काय गा?"

प्रेमिला नेहमीचे वाक्य बोलणार, तोच ताराचंदांनी धोंडबांच्या अंगातल्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली. "हे मिलचं कापड हाये, बाबा. टिकाऊ नाही. पर आजच्या दिवसाले चालते."

"चालते ना?"

"चालते. अजून टाइम हाये. बसा."

धोंडबा बसले. चार वर्षांत घरातल्या प्रत्येकाने त्यांना तो दिवस संपून गेल्याचे पटवण्याचा प्रयत्न केला होता. तो दिवस अजून यायचा आहे, असे त्यांना कोणीही म्हटले नव्हते.

ताराचंद वीसेक मिनिटे बसत. या वीस मिनिटांचे काय करायचे, हे प्रेमिलाला कळत नसे. पहिल्या दिवशी तिने भांडी घासली, दुसऱ्या दिवशी घासलेली भांडी पुन्हा घासली. चौथ्या दिवशी ती मागच्या पायरीवर नुसती बसली आणि भिंतीला डोके टेकून झोपली. ही सुधारणा होती काय, हे सांगणे कठीण आहे. जाग आली तेव्हा तिला पहिल्यांदा कळले की, आपण किती दमलो आहोत; आणि ते कळल्यावर दिवस आधीपेक्षा जड जाऊ लागले.

मार्चच्या मध्यावर लसीकरणाच्या दिवशी तिने जुनी यादी आणली. एका बाळाला दिलेली लस पुन्हा दिली जाणार होती. सिस्टरने बाळाचे कार्ड पाहिले म्हणून टळले. कोणी तिला रागावले नाही. त्या दुपारी ती रुळांच्या कडेच्या वाटेने घरी निघाली. कोळशाची मालगाडी येत होती. वाट सोडून ती दोन पावले पुढे, गिट्टीवर जाऊन उभी राहिली. गाडी लांबलचक होती. सगळे डबे जाईपर्यंत ती तिथेच होती, आणि रूळ थरथरायचे थांबल्यावरही होती. मग घरात कुलपाआड सासरे आहेत आणि किल्ली आपल्या कमरेला आहे, हे तिला आठवले. त्या दिवशी तिला परत आणले ते एवढ्याच गोष्टीने. हे तिने त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितले, आणि किल्लीचा उल्लेख दोनदा केला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी ताराचंद धोंडबांची कडी वाजायच्या सुमारालाच दारात हजर झाले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी अर्जाच्या उलट्या बाजूकडे पाहावे तसे पाहिले.

"आज मी नाही येत. माया कार्डावर गोळ्या घेऊन ये. मी बाबाजवळ बसतो."

"काका, पेशंट लागतो तिथं."

"हाये ना पेशंट," ते म्हणाले. "जाय तू."

धोंडबा आतून ओरडले, "कोन आलं गा? सदरा आनला काय?"

"आनला, बाबा. येऊन राहिलो."

खिडकीवर रांग होती. तिच्या मुठीत ताराचंदांचे कार्ड घामाने मऊ झाले होते. पुढची बाई सरकली तेव्हा प्रेमिलाने ते कार्ड पिशवीत टाकले.

"नवीन काढायचं," ती म्हणाली.

"पेशंटचं नाव?"

"प्रेमिला सुखदेवे."

लिहिणाऱ्याने मान वर केली. तो तिला ओळखत होता. "तुम्ही त आशाताई ना? सोबत कोण आहे?"

अकरा वर्षे या रकान्यात तिने स्वतःचे नाव सांगितले होते. "कोणी नाही," ती म्हणाली.

आत टेबलापाशी एक तरुण सिस्टर बसली होती. समोर कागदांचा गठ्ठा, बाहेर रांग, पंख्याखाली उडू नये म्हणून अर्जावर ठेवलेला मोबाइल. पहिली तीन पाने तिने झरझर भरली. चौथे पान उलटताना ती हसली, आणि पुढच्या नंबरासाठी दाराकडे पाहत म्हणाली,

"काही टेन्शन-बिन्शन नाही ना, ताई?"

पेन कागदाला टेकले होते. शून्याचा अर्धा गोल काढून झाला होता. प्रेमिलाने तो ओळखला. तसा अर्धा गोल तिच्या हाताने हजारो वेळा काढलेला होता. ‘नाही’ हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. तो म्हटला असता, तर अकराच्या आत ती गोळ्या घेऊन घरी पोचली असती.

"सिस्टर," ती म्हणाली, "असं नका विचारू. त्याच्यात छापलं आहे तसं विचारा. दोन्ही विचारा."

सिस्टरने मान वर केली. बाहेर कोणीतरी नंबराचा पुकारा केला. तिने अर्धा गोल खोडला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.